गृहचिंतन : कारागृहातील वडिलांची भेट

पुण्याकडे ‘येरवडा’ या एका शब्दाला दोन अर्थ चिकटलेले आहेत. कोणी वेड्यासारखे बोलला म्हणजे ‘याला येरवड्यास धाडा’ असे आपण म्हणतो, आणि कोणी लबाडी केली तरीही तेच म्हणतो. मध्यवर्ती कारागृह आणि मनोरुग्णालय ही दोन्ही त्या एकाच उपनगरात आहेत. शिरूरहून निघालेली एस.टी. शिक्रापूर, वाघोली करीत पुण्यात शिरते ती येरवड्यावरूनच; आणि दौंडची मंडळी आगगाडीने पुणे स्टेशनावर उतरून, नदीवरील पूल ओलांडून तेथे जातात. हा विनोद आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा केलेला असेल. परंतु घरातल्याच वडील माणसासंबंधी त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम खरे ठरू पाहतात, तेव्हा त्या घरातील मंडळींस काय वाटत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

असा प्रसंग आमच्या परिचयातील एका कुटुंबावर आला. नावे सांगण्याचे कारण नाही. थोरला मुलगा शिरूरला शिक्षक, धाकटा दौंडला रेल्वेच्या नोकरीत. घर एकत्रच, शेतीचा हिशेब एक, देवघर एक, सणवार शिरूरच्या वाड्यात. वडिलांस सर्व घर अप्पा म्हणते. वयाची सत्तरी उलटल्यावर पैशाच्या एका जुन्या व्यवहारातून त्यांच्यावर खटला झाला, जामीन मिळाला नाही, आणि ते कच्चे कैदी म्हणून कारागृहात गेले. त्यांचा दोष होता की नव्हता, हे न्यायालय ठरवील; आमचा विषय तो नव्हे.

पहिल्या दोनतीन भेटी ठीक झाल्या. चौथ्या भेटीस अप्पांनी थोरल्या मुलास आपल्या मृत भावाच्या नावाने हाक मारली, आणि घोडनदीला पाणी आले का, हा एकच प्रश्न तीन वेळा विचारला. परतीच्या वाटेवर दोघां भावांत मतभेद झाला. थोरला म्हणाला, “अप्पा पहिल्यापासून हुशार आहेत. कोणी तरी बराकीत त्यांना सांगितले असेल की, डोके फिरल्याचे दाखविले म्हणजे जामीन मिळतो.” धाकटा म्हणाला, “सोंग नव्हे, दादा. तुरुंगाने त्यांना वेड लावले.” एकाने वडिलांस लबाड ठरविले, दुसऱ्याने वेडे, आणि दोघांनीही ते एकाच भेटीच्या आधारे ठरविले.

अशा वेळी घरच्या माणसाचे कर्तव्य निदान करणे हे नव्हे. ते वैद्याचे काम आहे. आणि निवाडा करणे हेही नव्हे; ते न्यायाधीशाचे काम आहे. घरच्या माणसाचे काम एकच: जे पाहिले ते नीट पाहणे आणि जसे पाहिले तसे सांगणे. हे ऐकावयास सोपे वाटते. ते किती अवघड आहे, आणि ते चुकले म्हणजे काय होते, हे दाखविणारे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे.

शिरूरवरून जाणारा रस्ता पुढे नगरास पोहोचतो, आणि दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्गही नगरावरूनच जातो. २०२४ पासून त्या शहराचे नाव अहिल्यानगर असे झाले आहे. तेथील किल्ल्यात कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांस ठेवण्यात आले होते. १८६३ मध्ये जन्मलेले हे महाराज १८७१ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. पुढे त्यांस वेड लागले आहे असे इंग्रज सरकारने ठरविले. महाराज खरोखर वेडे आहेत की त्यांचा छळ करून त्यांस वेडे ठरविले जात आहे, या प्रश्नाने त्या वेळी सारा महाराष्ट्र अस्वस्थ झाला होता. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली, आणि तिच्या आधारादाखल काही पत्रे प्रसिद्ध केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. संपादकांनी ती चांगल्या हेतूने, खरी समजून छापली होती. तथापि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या त्या एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिले. हा भाग आपल्या घरांत सर्वांस ठाऊक असतो.

परंतु ज्यांच्यासाठी हे सारे झाले, त्या महाराजांचे पुढे काय झाले, हे कितीजणांस ठाऊक आहे? २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस वर्षांचे. ते खरोखर आजारी होते काय, असतील तर किती, आणि त्या आजारात त्यांस कसे वागविले गेले, हा वाद मिटला नाही. एका बाजूस सरकारचा शिक्का, दुसऱ्या बाजूस बनावट पत्रे. या दोहोंच्या मध्ये जी एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे त्यांस जवळून ओळखणाऱ्या माणसाची साधी, तारीखवार, न फुगविलेली साक्ष. खोटा पुरावा पुढे आला, आणि त्याने खऱ्या शंकेचेही बळ हिरावून घेतले. कैदेतील माणसाच्या हितासाठी म्हणून सांगितलेली वाढीव गोष्ट शेवटी त्याच्याच मुळावर येते, हा यातील धडा आहे.

आता अलीकडचे उदाहरण पाहू. त्याचाही धागा शिरूर तालुक्यातूनच निघतो. १ जानेवारी २०१८ रोजी या तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे हिंसाचार झाला. त्याच्या आदल्या दिवशी शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेसंबंधी पुणे पोलिसांनी जो खटला उभा केला, त्यात तेलुगू कवी वरवरा राव यांस २०१८ मध्ये अटक झाली. ते आधी येरवड्यास व पुढे तळोजा कारागृहात होते. या खटल्याविषयी वाचकांची मते भिन्न असतील. ती तशी असू द्यावीत. येथे घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे प्रत्यक्ष भेटी बंद होत्या. जुलैत त्यांचा घरी दूरध्वनी आला तेव्हा ते ८० वर्षांच्या घरात होते. प्रकृती कशी आहे, या प्रश्नास उत्तर देण्याऐवजी ते आपल्या आईवडिलांच्या, कित्येक दशकांपूर्वी झालेल्या अंत्यविधीविषयी असंबद्ध बोलू लागले, असे पत्नीने व मुलींनी सांगितले. ‘त्यांस वेड लागले’ असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी काय विचारले, त्यावर काय उत्तर आले, आणि शरीरातील क्षारांचे प्रमाण आधीपासून कसे बिघडत होते, एवढेच त्यांनी जाहीरपणे मांडले. काही दिवसांतच त्यांस रुग्णालयात हलविण्यात आले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रकृतीच्या कारणावरून त्यांस जामीन दिला. आरोपांचा निवाडा त्यात झालेला नाही. परंतु पित्याच्या आवाजातील बदल प्रथम ओळखला तो घरच्यांच्या कानांनी, हे विसरता येत नाही.

याचे कारण उघड आहे. कारागृहातील डॉक्टरने त्या माणसास यापूर्वी पाहिलेले नसते. म्हातारा गप्प बसला आहे, एवढे त्यास दिसते. हा म्हातारा जन्मात कधी गप्प बसला नव्हता, हे त्यास कसे कळावे? बदल कळण्यासाठी पूर्वीचे ठाऊक असावे लागते, आणि पूर्वीचे ठाऊक असते ते घरालाच.

आमच्या परिचयाच्या कुटुंबात हे ओळखले ते थोरल्या सूनबाईंनी. दोघां भावांचा वाद चालू असता त्यांनी दुकानातून एक साधी वही आणली, आणि प्रत्येक भेटीनंतर एस.टी.त बसल्या बसल्या त्या दिवसाची नोंद करण्यास आरंभ केला. अमुक तारीख, अमुक वेळ. कपडे स्वच्छ होते की नाही. वजन घटल्यासारखे दिसले का. कोणता प्रश्न किती वेळा विचारला. कोणाचे नाव चुकले. रात्रीची झोप, जेवण, लघवीचा त्रास यांविषयी काय म्हणाले. कोणती नवी गोळी सुरू झाली. आपला तर्क त्यांनी वहीत एकदाही लिहिला नाही. ‘वेड’, ‘सोंग’ हे शब्द त्या वहीत नाहीत.

अशी नोंद उपयोगी का पडते, हे समजण्यासाठी वैद्यकातील एक भेद ध्यानात ठेवावा. वृद्ध माणूस गोंधळून बोलू लागला म्हणजे त्यामागे निदान तीन निरनिराळी दुखणी असू शकतात. पहिला भ्रम: तो तासांत किंवा दिवसांत उद्भवतो, दिवसभरात कमीजास्त होतो, आणि कधी नसलेली माणसेही दिसू लागतात. रक्तातील सोडियम घटणे, मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणे, एखादे औषध न मानवणे, अशी त्याची कारणे असतात. वेळीच उपाय झाल्यास हा भ्रम बहुधा ओसरतो, आणि दुर्लक्ष झाल्यास जिवावर बेततो. दुसरे विषण्णता, म्हणजे खोल निराशा: ती आठवड्यांनी वाढते, माणूस बोलत नाही, खात नाही, पहाटेपूर्वीच जागा होतो, आणि विसराळू झाल्यासारखा वाटतो. तिसरा स्मृतिभ्रंश: तो महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे हळूहळू येतो. तिन्हींत माणूस नावे विसरतो. कोणते दुखणे आहे, हे ठरविताना ‘केव्हापासून’ आणि ‘कसे बदलत गेले’ या दोन प्रश्नांस मोठे महत्त्व असते. त्यांची उत्तरे वहीत असतात.

ही नोंद द्यावयाची कोणास? कारागृह अधीक्षकांस लेखी अर्ज करावा, त्यासोबत नोंदीची प्रत द्यावी, आणि अर्ज पोहोचल्याची सही आपल्या प्रतीवर घ्यावी. जुन्या औषधांच्या चिठ्ठ्याही जोडाव्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या १०३ व्या कलमाप्रमाणे मानसिक आजार झालेल्या कैद्याची सोय कारागृहाच्या वैद्यकीय विभागातील मनोरुग्ण कक्षात करावयाची असते, आणि तसा कक्ष नसेल तेथे मंडळाच्या पूर्वपरवानगीने मनोरुग्णालयात. वकील नेमण्याची ऐपत नसली तरी अडू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतील माणसास मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. शिरूर व दौंड या दोन्ही ठिकाणी न्यायालये आहेत. तेथे तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे; आणि मनाच्या आजाराविषयी सल्ला देणारा सरकारी क्रमांक १४४१६ आहे. तो घरच्यांसाठीही आहे, कारण अशा घरात झोप उडालेले माणूस एकच नसते.

वकिलाशी बोलताना तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावेत. सुशिक्षित घरांतही त्यांची गल्लत होते. गुन्हा घडला म्हणतात त्या वेळी मनाची अवस्था कशी होती, हा एक प्रश्न. पूर्वीच्या दंड संहितेचे ८४ वे कलम त्यासंबंधी होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलम आहे. आज खटला चालताना आरोपीस आपला बचाव करता येण्याइतकी समज आहे काय, हा दुसरा. आणि आज त्यास उपचार हवे आहेत काय, हा तिसरा. अप्पांच्या बाबतीत प्रश्न पहिला नव्हताच. तिसरा तातडीचा होता. “उपचार मागितले म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखे होईल,” अशी थोरल्या मुलास भीती होती. ती निराधार होती.

आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हा लेख लिहिण्यास बसलो. थोरल्या मुलाच्या पिशवीत एक कागद होता. शेतीच्या व्यवहाराचे मुखत्यारपत्र. अप्पांची सही झाली म्हणजे जमिनीचा काही भाग विकून वकिलाचे पैसे देता येतील, असा त्याचा विचार होता. हेतू वाईट नव्हता. सूनबाईंनी विचारले, “परवा आपण अर्जात लिहिले की, अप्पांना माणसे ओळखू येत नाहीत. मग त्यांना हा कागद कसा कळेल? आणि कागद कळतो असे म्हणायचे असेल, तर अर्ज मागे घ्यावा लागेल. दोन्ही कशी चालतील?” थोरल्याला उत्तर सुचले नाही. धाकटा खिडकीबाहेर पाहत बसला. त्या दिवशी कागद पिशवीतच राहिला.

१८७२ चा करार कायदा म्हणतो की, जो करार करावयाचा तो समजण्याची आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल हे तारतम्याने ठरविण्याची शक्ती सही करणाऱ्यास त्या वेळी असली पाहिजे. उलट २०१७ चा कायदा असेही बजावतो की, मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणसास बुद्धिभ्रष्ट समजू नये. तसे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. याचा अर्थ आजारी माणसाची सही कधीच चालत नाही असा नव्हे. पण ती घ्यावयाची तर आधी डॉक्टरने पाहावे, वकिलाने सांगावे, आणि कागद त्याच्यापुढे त्याला कळेल अशा शब्दांत वाचला जावा. जामिनासाठी वडील आजारी आणि सहीसाठी वडील शहाणे, असा सोयीचा दुटप्पीपणा चालणार नाही. न्यायाधीशाच्या तो ध्यानात आला म्हणजे आपल्या खऱ्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. आणि त्याहून वाईट हे की, आपण स्वतःच वडिलांकडे माणूस म्हणून पाहणे सोडून देतो.

भेटीतील वागणुकीविषयी थोडे सांगून संपवितो. मिनिटे मोजकी असतात. ती खटल्याच्या उलटतपासणीत घालवू नयेत. ‘मला ओळखलेत का?’ असे विचारून परीक्षा घेऊ नये. आपण होऊनच ‘अप्पा, मी अमुक’ असे म्हणावे. चुकीचे बोलले तर वाद घालू नये, आणि हो ला हो ही करू नये. विषय हलकेच खऱ्या गोष्टीकडे आणावा. पाऊस, पीक, घरातील लहानांचा अभ्यास, देवघरातील पूजा कोण करतो, अशा गोष्टी बोलाव्यात. नातवंडांस न्यावयाचे की नाही, हे त्यांच्या वयावर आणि इच्छेवर ठेवावे. परंतु ‘आजोबा काशीला गेले आहेत’ असले खोटे त्यांस सांगू नये. शाळेतील मुलांकडून त्यांस ते कळतेच, आणि मग आजोबांपेक्षा आईबापांवरचा विश्वास आधी जातो. आणि काही झाले तरी जाणे थांबवू नये. आपल्या देशात, तेव्हाच्या बिहारमधील हजारीबागच्या तुरुंगात, मनाच्या आजारामुळे ठेवलेले काही कैदी बरे होऊनही वर्षानुवर्षे तेथेच पडून होते. १९८२ साली एका पत्रावरून ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा त्यांची सुटका झाली.

अप्पांच्या रक्तात सोडियम फार कमी झाले होते, आणि मूत्रमार्गात संसर्ग होता. उपचारांनी बराच फरक पडला. सर्वच गेले असे नाही. धाकट्या नातवाचे नाव ते अजूनही चुकवितात, आणि तो विसर वयाचा असावा असे डॉक्टर म्हणतात. दोघेही भाऊ आपापल्या परीने थोडे चुकले होते, थोडे बरोबर होते. खटल्याच्या तारखा पडत आहेत. मुखत्यारपत्र शिरूरच्या वाड्यातील कपाटात आहे. वकिलाचे पैसे दोघांनी पगारातून देण्याचे ठरविले आहे, आणि ते जड जात आहे.

मागच्या भेटीची नोंद सूनबाईंनी आम्हांस वाचून दाखविली. तारीख, वेळ, कपडे स्वच्छ, झोप बरी. शेवटची ओळ अशी: ‘घोडनदीला पाणी आले का, असे विचारले. आले म्हणून सांगितले. पुन्हा विचारले नाही.’